तिऱ्हाईत

घासाघीस केल्यावाचून घेतलेली वस्तू आमच्या घरात कधी गोड लागली नाही. माझी आई बार्शीच्या बाजारात लुगडे घ्यायला गेली की चार दुकाने हिंडून पुन्हा पहिल्या दुकानाची पायरी चढे, आणि दुकानदारही तिची वाटच पाहत असल्यासारखा तेच लुगडे पुन्हा उलगडी. भाव आठ आण्यांनी उतरे. त्या आठ आण्यांपेक्षा ते उतरवल्याचे समाधान मोठे असे. आईचा हा गुण माझ्यात पुरेपूर उतरला आहे. पण लुगड्याचे पोत बोटांनी पाहता येते. विम्याचे पोत कसे पाहावे? विमा ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. ती चांगली की वाईट हे संकट आल्यावाचून कळत नाही, आणि कळू नये अशीच घेणाऱ्याची इच्छा असते.

भूम तालुक्यातल्या ईट या माझ्या गावी मी मास्तरकी केली. निवृत्त झाल्यावर एक लहानशी, हजार सीसीच्या आतली, दुसऱ्याने वापरलेली मोटार घेतली. २०२४ च्या पावसाळ्यात तिच्या विम्याचे पत्र आले. आदल्या साली ६,४०० रुपये भरले होते. आता ७,२६० मागितले होते. मोटार एका वर्षाने म्हातारी झाली, मी एका वर्षाने म्हातारा झालो, आणि हप्ता मात्र ऐन तारुण्यात! आईची आठवण झाली आणि मी चार दुकाने हिंडायला निघालो.

अशी दुकाने हिंडण्याची सोय माझ्या तरुणपणी कोणालाच नव्हती. १ जानेवारी १९७३ पासून हा सारा व्यवसाय सरकारी झाला; शंभराहून अधिक कंपन्यांच्या चार कंपन्या करण्यात आल्या. मोटारीचे दर ठरीव दरपत्रकाने बांधलेले असत. कुठेही जा, भाव तोच. २००० सालानंतर खाजगी कंपन्या आल्या, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे दर मोकळे झाले ते १ जानेवारी २००७ पासून. म्हणजे विम्यातली घासाघीस ही तशी कालपरवाची गोष्ट आहे. जुन्या दरपत्रकाची एक गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. त्याने देशाचे दोन भाग केले होते. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद ही आठ शहरे एका भागात. उरलेला सारा भारत दुसऱ्या भागात, आणि तिथला दर थोडा कमी. ईटला राहण्याचा काही फायदा आहे, हे आयुष्यात पहिल्यांदा मला तिथे कागदोपत्री आढळले.

पहिले दुकान भाच्याचे. तो भूमला विम्याचे काम करतो. त्याने ५,३५० रुपये सांगितले. मी खूश होऊन कागद वाचला, तर गाडीची किंमत १,९०,००० ऐवजी १,२०,००० धरलेली. गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर कंपनी जास्तीत जास्त किती देणार, तो हा आकडा. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला वयाप्रमाणे किती टक्के कापायचे हे ठरलेले असते. त्यापुढे मालक आणि कंपनी यांनी आपसांत ठरवायचे. भाच्याने ते माझ्या वतीने आपल्या आपणच ठरवून टाकले होते.

“मामा, तुमची गाडी काय रोज पुण्याला जायलीय का?” तो म्हणाला. “ईटहून भूम अन् भूमहून ईट. मी तर म्हणतो निस्ता थर्ड पार्टी घ्या. पोलिसाला दाखवायला कागद झाला म्हणजे बास.”

दुसरे दुकान बार्शीत. तिथला भाव ४,९८०. दुकानदाराने माझ्या अर्जात पन्नास टक्के बोनस लिहिला होता. भरपाई न मागितलेल्या वर्षांचे हे बक्षीस. पहिल्या वर्षी वीस टक्के, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि शेवटी पन्नास. परंतु एकदा भरपाई घेतली की शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायची. २०२१ साली एका म्हशीने माझ्या मोटारीचा दिवा आणि पुढचा पत्रा यांचा निकाल लावला होता. म्हशीचा विमा होता की नाही, कोण जाणे. भरपाई मी घेतली. तेव्हापासून पायऱ्या चढत मी पंचविसापर्यंत आलो होतो. हे सांगितल्यावर दुकानदार म्हणाला, “गुरुजी, कोण बघतंय?” मी म्हटले, “तुम्हाला पैसे देताना कुणीच बघत नाही. मी मागायला गेलो की सगळेच बघतात.” जुन्या कंपनीकडे एक विचारणा गेली की पन्नासाचे खोटे उघडे पडते आणि भरपाई अडते. अर्ज मी परत घेतला.

तिसरे दुकान पुण्याच्या मुलीच्या हातातल्या फोनमध्ये होते. “बाबा, ५,९०० मध्ये मिळतोय,” ती म्हणाली. त्यात अट अशी की प्रत्येक नुकसानीतले पहिले २,५०० रुपये, नेहमीच्या एक हजाराखेरीज, मी सोसायचे.

संध्याकाळी जुने पत्र आणि हे तीन कागद खाटेवर मांडून, पेन्सिल घेऊन मी बसलो. वह्या तपासण्याची सवय अजून गेलेली नाही. चौघांची बेरीज निराळी, वजाबाकी निराळी. पण एका ओळीत चौघांचेही उत्तर अक्षरशः एक होते. २,०९४ रुपये. वर्गात असे झाले असते तर मी कॉपीचा संशय घेतला असता. ही ओळ थर्ड पार्टीची. तिचा दर कंपन्या ठरवत नाहीत, सरकार ठरवते. हजार सीसीच्या आतल्या खाजगी मोटारीला १ जून २०२२ पासून तो २,०९४ रुपये होता. तिथे भाचा चालत नाही, बार्शी चालत नाही, फोनही चालत नाही.

थर्ड पार्टी! पहिला पक्ष मी, दुसरा पक्ष कंपनी. मग हा तिसरा कोण? आपल्या भाषेत त्याला फार जुना आणि नेमका शब्द आहे: तिऱ्हाईत. ज्याचे माझ्याशी नाते नाही, देणेघेणे नाही, ज्याचे नाव त्या कागदावर नाही, असा रस्त्यावरचा कोणीही माणूस. ब्रिटनने १९३० साली त्याच्यासाठी विमा सक्तीचा केला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार कायद्यात ती तरतूद आली आणि १ जुलै १९४६ पासून अमलात आली. १९८८ च्या कायद्याने ती पुढे चालवली. माझ्या मोटारीने त्याची भिंत पाडली तर भरपाईला साडेसात लाखांची मर्यादा आहे. त्याचा जीव गेला किंवा हातपाय गेला तर मर्यादा नाही. न्यायाधिकरण ठरवील ती रक्कम. माझ्या गाडीची किंमत चौघांनी चार केली होती. तिऱ्हाइताच्या जिवाचा आकडा मात्र कोणी आधी लिहून ठेवलेला नव्हता.

विमा आम्हाला नवा नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला तो पीकविम्यामुळे पाठ आहे. त्याच महिन्यात मी सोयाबीनच्या विम्यापोटी एक रुपया भरून आलो होतो. २०२३ च्या खरिपात ही योजना आली. शेतकऱ्याने एक रुपया द्यायचा, त्याच्या हिश्शाचे बाकीचे पैसे राज्य सरकारने. २०२५ मध्ये ती बंद होऊन शेतकऱ्याच्या माथी पुन्हा हिस्सा आला. पण त्या दोन वर्षांत ज्यांनी माझ्या सोयाबीनचा हप्ता भरला, ते कर भरणारे लोक कोण होते? मुंबईचा एखादा हमाल असेल, नागपूरची एखादी परिचारिका असेल. त्यांनी ईटचे नावही ऐकले नसेल. त्यांच्या लेखी मीच तिऱ्हाईत होतो, आणि ते पैसे घेताना मला त्यात काही खटकले नव्हते.

आमच्या भागात खव्याच्या भट्ट्या पुष्कळ. पंधरा-वीस वर्षांपूर्वी पहाटे सायकलला कॅन लावून भट्टीवर दूध घालायला निघालेल्या एका तरुणाला जीपने उडवले. जीपवाला पळाला नाही. त्यानेच त्याला दवाखान्यात नेले, पण उपयोग झाला नाही. जीपचा विमा अकरा दिवसांपूर्वी संपला होता. पुढच्या आठवड्यात बाजार झाला की भरू, असे त्याने ठरवले होते. कोर्टाचा निकाल विधवेच्या बाजूने लागला. पण द्यायला कंपनी नव्हती, एकटा जीपवाला होता. त्याची दोन एकर जमीन गेली. तिला पैसे मिळाले ते तुकड्यातुकड्यांनी, पोरे मोठी होऊन गेल्यावर. त्या दोन्ही घरांची मुले माझ्या वर्गात होती. एकाच बाकावर बसत नसत, एवढेच मला आठवते.

म्हणून भाच्याचे ‘पोलिसाला दाखवायला’ मला पटले नाही. विमा नसला तर पहिल्या वेळी दोन हजार आणि पुन्हा सापडलात तर चार हजार दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. हा हिशेब त्या दोन एकरांपुढे काहीच नाही.

बाकीच्या ओळींवर मी घासाघीस सोडली असे मात्र समजू नका! तसे केले असते तर आईला वाईट वाटले असते. गाडीची किंमत १,९०,००० च, बोनस पंचवीसच, जादा सोसण्याची अट नाही, अशी एकच यादी करून ती मी पुन्हा सगळीकडे फिरवली. पोत सारखे असल्यावर भाव सरळ तोलता येतो. शेवटी ६,३१० रुपयांत सौदा झाला. ९५० रुपये वाचले. ते कुठे खर्च झाले हे आठवत नाही, पण वाचल्याचे समाधान अजून टिकून आहे.

भूमहून ईटकडे परतताना तिन्हीसांज होते. हंगामात उसाच्या गाड्या दिव्यांवाचून चाललेल्या असतात. दुधाच्या कॅन लावलेल्या मोटारसायकली उलट्या बाजूने येतात. शेतातून परतणाऱ्या बायका डोक्यावर ओझे घेऊन कडेने चालतात. त्यांच्यातल्या कित्येकांना मी नावाने ओळखत नाही, आणि वर्षाकाठी त्यांच्यापोटी मी काही रुपये भरतो हे त्यांना ठाऊक नाही. ठाऊक होण्याची वेळ कधी येऊ नये. ते रुपये दर साली फुकट जावेत, एवढीच माझी इच्छा आहे. आणि पैसे फुकट जावेत अशी इच्छा आमच्या घराण्यात आजवर कोणी केली असेल, असे मला वाटत नाही.