सातवं पाऊल

तुळशीची लग्नं उरकली, त्याच आठवड्यात ती आली. २०२३ साल. आमच्या खालच्या मजल्यावर वाढलेली मुलगी. मुलींची मुंज करायची पद्धत पुण्यात रुजत होती, तेव्हा तिची मुंज मीच लावली होती. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, आमचं लग्न लावाल का?"

आमचं म्हणजे तिचं आणि तिच्या मैत्रिणीचं. मैत्रीण नागपूरची. दोघी नऊ वर्षं एकत्र राहत होत्या. मला सगळं ठाऊक होतं, पण ठाऊक आहे असं मी कधी तोंडाने बोलले नव्हते. मी कढीपत्ता निवडत होते. हात न थांबवता म्हटलं, "विचार करून सांगते." तिने मान हलवली आणि गेली. त्या तीन शब्दांची मला आजही लाज वाटते.

त्याआधी महिनाभर, १७ ऑक्टोबरला, नवरात्राची तिसरी माळ होती. सप्तशतीचा पाठ आटपून मी त्यांच्याच घरी बसले होते. समलिंगी विवाहांबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल थेट दाखवत होते. एप्रिल-मेमध्ये पाच न्यायाधीशांपुढे दहा दिवस सुनावणी झाली होती. आधी सरन्यायाधीश चंद्रचूड वाचत होते, तेव्हा दोघी सोफ्याच्या अगदी कडेला येऊन बसल्या. मग न्यायमूर्ती कौल, मग न्यायमूर्ती भट. हळूहळू उलगडत गेलं. लग्न करणं हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही जणांचं एकमत. विशेष विवाह कायद्याला हात लावायचा नाही, तो संसदेचा प्रश्न, यावरही. निदान अशा जोडप्यांच्या नात्याला काही कायदेशीर मान्यता द्यावी, असं दोघांचं मत होतं, तिघांचं नव्हतं. नागपूरची मुलगी उठली, लॅपटॉप उघडून आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगला बसली. खालची मुलगी उरलेल्या चहाच्या कपांकडे बघत राहिली.

विशेष विवाह कायदा मी नंतर मुद्दाम वाचला. १९५४ चा. विवाहाच्या अटींचं कलम सुरू होतं तेच कोणत्याही दोन व्यक्तींपासून. पुढे वयाची अट येते, पुरुषाला एकवीस, स्त्रीला अठरा, आणि तिथे दार बंद होतं. ओळखीच्या वकीलबाईंना विचारलं, मी असं लग्न लावलं तर गुन्हा होईल का? त्या म्हणाल्या, "२०१८ ला कलम ३७७ चा निकाल लागला, आता गुन्हा नाही. पण लग्नही नाही."

मग मला मंत्र शिकवणाऱ्या गुरुजींकडे गेले. वय ऐंशीच्या पुढे, पण पाठ अजून खणखणीत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, विवाह हा करार नव्हे, संस्कार आहे. धर्माचरण आणि संतती यांसाठी गृहस्थाश्रम आहे, पितृऋण फेडायचं आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये संघाचे सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळेही हेच बोलले होते. न्यायालयात जमियत उलेमा-ए-हिंदही विरोधात उभी होती. इतक्या वेगवेगळ्या घरांतून एकच उत्तर येतं, तेव्हा ते उडवून लावता येत नाही. आणि आपल्या परंपरेत सगळं मोकळंढाकळं होतं, असं मी म्हणणार नाही. मनुस्मृतीत दोन कन्यांच्या अशा संबंधाला दोनशे पणांचा दंड आणि दहा फटके सांगितले आहेत. ते तिथे आहे. पण त्याच ग्रंथाने बाईला वेदमंत्रांपासून दूर ठेवलं आहे, आणि तरी गुरुजींनी मला गायत्रीपासून सगळं शिकवलं. आम्हा बायकांना होमापुढे बसलेलं पाहून उठून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. मी गुरुजींना एवढंच म्हटलं, "मला शिकवलंत तेव्हाही शास्त्र आड येतच होतं."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "पाचव्या पावलाचं काय करशील?"

डिसेंबरात वसईच्या माझ्या मैत्रिणीचा फोन आला. रोमहून पत्र निघालं होतं, की धर्मगुरूंनी अशा जोडप्याला आशीर्वाद द्यायला हरकत नाही, पण तो विधी नसावा, लग्नासारखा दिसू नये. तिला त्यातही आनंद होता. मला वाटलं, हे बरं आहे. आपणही सत्यनारायण घालू, शांतिपाठ म्हणू, अक्षता टाकू. कुणी दुखावणार नाही. दोन दिवस मी या विचारात सुखी होते. मग खाली जाऊन तिला सांगायची वेळ आली आणि पाय उचलेना. तिने प्रसाद मागितला नव्हता, लग्न मागितलं होतं.

म्हणून पोथी काढली. आश्वलायनांची सप्तपदी मी शेकडो वेळा म्हटली असेन. ईशान्येकडे सात पावलं. पहिलं अन्नासाठी, दुसरं बळासाठी, तिसरं धनासाठी, चौथं सुखासाठी, पाचवं संततीसाठी, सहावं ऋतूंसाठी. आणि सातव्या पावलावर वर वधूला म्हणतो, तू माझा सखा हो. सखी नव्हे, सखा. वधूला उद्देशून असून शब्द पुल्लिंगी. व्याकरणवाले सांगतात की वेदात तसं चालतं, लोकभाषेत सखी होतं. मी हे पूर्वी शिकले होते, आणि विसरलेही होते. त्या रात्री तो एक शब्द बघत बसले. ज्या पावलावर विवाह पुरा होतो, तिथे आमच्या पूर्वजांनी नवरा म्हटलं नाही, बायको म्हटलं नाही. एवढ्यावरून त्यांना असं लग्न मान्य होतं, असा दावा मी करत नाही. पण हा मंत्र या दोघींसमोर म्हणताना माझी जीभ अडखळणार नव्हती.

सकाळी खाली गेले आणि म्हटलं, "माघात मुहूर्त आहे."

एका कार्यालयाने दोन्ही नावं ऐकून दिलेली तारीख परत घेतली. मग आमच्याच इमारतीच्या गच्चीवर मांडव घातला. चाळीसेक माणसं. कन्यादान गाळलं. दोघींपैकी कुणी कुणाला द्यायचं नव्हतंच. पाणिग्रहण ठेवलं. लाजाहोमात ओंजळीत लाह्या घालायचा मान भावाचा. खालच्या मुलीला भाऊ आहे, त्याने घातल्या. नागपूरच्या मुलीचं कुणी आलं नव्हतं. भाऊ क्षणभर थांबला, मग सुपातून पुन्हा मूठ भरून त्याने तिच्याही ओंजळीत लाह्या घातल्या. तिचा हात इतका कापत होता की निम्म्या लाह्या कुंडाबाहेर सांडल्या. मी तशाच राहू दिल्या.

पाचव्या पावलाबद्दल मी दोघींना आधीच विचारलं होतं. अर्थ मला वळवायचा नव्हता. तिथे प्रजा म्हणजे मुलंबाळंच. नागपूरची म्हणाली, "तसंच ठेवा काकू. आम्हाला बाळ हवंय." आता दत्तकाचा नियम असा, की जोडपं असेल तर विवाहित हवं आणि संसार दोन वर्षांचा हवा. एकटी बाई दत्तक घेऊ शकते. त्या ऑक्टोबरच्या निकालात दोन न्यायाधीशांनी विवाहाची ही अट घटनाबाह्य ठरवली, तिघांनी टिकवली. म्हणजे बाळ आलं तर कागदावर एकीचंच. तांदळाच्या पाचव्या राशीवर दोघींनी उजवं पाऊल बरोबरच ठेवलं.

गुरुजी आले नाहीत. पण होमासाठी समिधांची मोळी पाठवली होती, त्यांच्या हाताने बांधलेली.

लग्नानंतरच्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आणखी एक निकाल आला. न्यायमूर्ती नागरत्ना आणि न्यायमूर्ती मसीह यांचा. एका स्त्री-पुरुषाने विधी न करताच लग्नाचं प्रमाणपत्र मिळवलं होतं. न्यायालय म्हणालं, सप्तपदीसारखे संस्कार झालेच नाहीत, तर नुसत्या कागदाने हिंदू विवाह होत नाही. हिंदू विवाह कायद्यातही लिहिलं आहे, की जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण. पुरोहित म्हणून मी हे वाचून सुखावले, संस्काराची किंमत कुणीतरी बोललं म्हणून. आणि लगेच गच्चीवरच्या त्या सात राशी आठवल्या. यांची पावलं पडली आहेत, सगळी. यांना कागद नाही.

पावसाळ्यात नागपूरच्या मुलीचं अपेंडिक्स फुटायच्या बेतात आलं. रात्री दीड वाजता रुग्णालयात फॉर्म पुढे आला. 'रुग्णाशी नातं' या रकान्यावर पेन धरून आमची खालची मुलगी उभी होती. तिने 'पत्नी' लिहिलं. काउंटरवरच्या माणसाने ते खोडायला सांगितलं आणि रक्ताचं कुणी आहे का विचारलं. नागपूरला फोन लावून तिच्या वडिलांचा होकार घेतला, तेव्हा कुठे तिला आत नेलं. पाऊण तास गेला. मी बाकावर बसून होते. अठ्ठावीस वर्षं लोकांची लग्नं लावते आहे, माझा विधी इतका हलका ठरताना मी कधी पाहिला नव्हता.

त्या ऑगस्टमध्ये केंद्राने स्पष्ट केलं, की अशा जोडप्यांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी नेमायला आडकाठी नाही. दोघींनी दुसऱ्याच दिवशी खातं उघडलं. ऑक्टोबरच्या निकालावरच्या फेरविचार याचिका मात्र ९ जानेवारी २०२५ ला फेटाळल्या गेल्या, खुली सुनावणी न होता.

लग्न लागल्यावर विवाह नोंदणीचा फॉर्म भरायचा असतो. वर, वधू, तीन साक्षीदार आणि खाली पुरोहिताची सही. गच्चीवरच्या लग्नाच्या दिवशी जेवणं झाल्यावर खालच्या मुलीचे वडील सवयीने खिशातलं पेन काढून माझ्यापाशी आले, "वहिनी, सही कुठे करायची?" आणि मग त्यांच्याच लक्षात आलं. ते पेन हातात धरून तसेच उभे राहिले.

मी लावलेल्या लग्नांची नोंदवही मी ठेवते. ती घरून मागवली. तिथी लिहिली, दोघींची नावं लिहिली, खाली साक्षीदारांच्या तीन ओळी आखल्या. पहिलीवर वडिलांनी सही केली, दुसरीवर भावाने. तिसरी ओळ नागपूरच्या मुलीच्या आईसाठी ठेवली. ती अजून रिकामी आहे. मागच्या महिन्यात त्यांनी लेकीला फोनवर विचारलं म्हणे, की लग्नात साडी कुठल्या रंगाची नेसली होतीस.