आजच्या मापाची सायकल

शनिवार, १ फेब्रुवारी २०२५, सॅन होजे

लेकीला बीएमएक्सच्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या छोट्या सायकलींच्या, शर्यतीत उतरायचे आहे. हट्ट तिचा स्वतःचा. मैत्रिणीची शर्यत पाहून आली तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. वय नऊ, उंची १२६ सेंटीमीटर, वजन २५ किलो. हे आकडे घेऊन आज सायकली पाहायला गेलो.

दुकानात दर्शनी भागात मांडलेली सायकल रुबाबदार होती. जाड नळ्या, पुढे स्प्रिंगचा फोर्क, एकवीस गिअर, वजन १३ किलो. मागे कोपऱ्यात शर्यतीची २० इंची सायकल उभी होती. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, एकच गिअर, फक्त मागचा ब्रेक, वजन सातेक किलो. पाहणाऱ्याला पहिलीच पैसेवसूल वाटणार. पण २५ किलोच्या मुलीने १३ किलोची सायकल चालवायची, म्हणजे ७० किलोच्या माणसाने ३६ किलोची सायकल चढावर रेटायची. आपल्यापैकी कोण रेटेल? शिवाय त्या फोर्कची स्प्रिंग लेकीच्या वजनाने जेमतेम हलली. जी स्प्रिंग दबत नाही ती धक्का खात नाही, नुसते ओझे वाढवते.

रविवार, २ फेब्रुवारी

मंडळाचे हळदीकुंकू. सायकलीचा विषय निघाला तसा एकच सल्ला चहूकडून आला, "एक माप मोठीच घे गं, दोन वर्षं तरी चालेल." सल्ला मायेचा आहे. आम्ही सगळ्याच वाढत्या अंगाचे फ्रॉक घालून मोठ्या झालो. पण फ्रॉकला दुमड घालता येते, ती पुढे उसवताही येते. सायकलीच्या नळीला दुमड घालता येत नाही.

बीएमएक्सच्या शर्यतीच्या फ्रेमला मुलांच्या अंगाप्रमाणे मापे असतात. सगळ्यांत लहान मायक्रो, मग मिनी, ज्युनियर, एक्स्पर्ट आणि शेवटी प्रो. मिनीच्या पुढची बरीचशी मापे २० इंची चाकांवरच असतात. बदलते ती फ्रेमची लांबी, हँडलची उंची आणि क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा. या क्रँकचाच मी सगळ्यांत जास्त विचार केला. १७५ सेंटीमीटर उंचीच्या माणसाच्या सायकलीला १७५ मिलिमीटरचा क्रँक म्हणजे उंचीचा दहावा भाग. त्याच हिशेबाने लेकीला १२६ मिलिमीटर पुरेल. मिनीचा क्रँक साधारण १४५ चा, म्हणजे तिला आधीच लांब. त्याहून मोठा घेतला तर प्रत्येक फेऱ्याला गुडघा पोटाशी येईल आणि कंबर डावी-उजवीकडे डोलेल.

ठरले. मिनीच घ्यायची, तीही वापरलेली. ट्रॅकवरच्या कुटुंबांत अशा सायकली एका मुलाकडून दुसऱ्याकडे जात असतात. राहिलेले पैसे तोंड पूर्ण झाकणाऱ्या हेल्मेटवर आणि चांगल्या हातमोज्यांवर. हेल्मेट मात्र वापरलेले नको. एकदा जोराचा मार बसला की आतला फोम कामातून जातो आणि बाहेरून ते कळत नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

ट्रॅकवर सराव. टेकाडाच्या माथ्यावर लोखंडी गेट, त्याला आठ रांगा. तिथून उतार, मग मातीचे उंचवटे, कडेला उचललेली वळणे, पुन्हा उंचवटे. असे ट्रॅक साधारण ३०० ते ४०० मीटर लांब असतात. तरबेज खेळाडू पाऊण मिनिटाच्या आत खाली पोचतात, लहानांना जास्त वेळ लागतो.

सुरुवात ऐकण्यासारखी आहे. मुले पुढचे चाक गेटला टेकवून, दोन्ही पाय पॅडलवर ठेवून तोल सांभाळत उभी राहतात. ध्वनिमुद्रित आवाज तयार राहायला सांगतो. त्यानंतरची शांतता मुद्दाम अनिश्चित ठेवलेली असते, ०.१ पासून २.७ सेकंदांपर्यंत कितीही. मग दिवे, चार ठोके, आणि गेट पडते. अंदाज बांधून पुढे झेपावणारा गेटवर आदळतो. लेकीला प्रशिक्षक एवढेच सांगत होत्या, "मोजू नकोस, ऐक."

खाली उंचवट्यांवर पॅडल मारायचे नाही हे तिला नवल वाटले. चढताना हातपाय दुमडून घ्यायचे आणि उतरताना सायकल जमिनीत दाबायची, की वेग आपोआप मिळतो. इथले लोक याला पंपिंग म्हणतात. जड सायकल लहान मुलांना अशी दाबताही येत नाही, उचलताही येत नाही. तिची सायकल तिला उचलता येते. आज एका उंचवट्यावर पुढचे चाक क्षणभर हवेत राहिले आणि ती ओरडली, "आई, पाहिलंस ना?" पाहिले.

शनिवार, ८ मार्च

पाऊस येऊन गेल्यामुळे ट्रॅक बंद. ओल्या मातीवर चाके फिरली तर चर पडतात आणि ते वाळून दगडासारखे होतात. म्हणून आज सायकली नाहीत, फावडी. ट्रॅक पालकच राखतात. साचलेले पाणी काढायचे, उंचवट्यांची धूप झालेली तोंडे भरायची, चिकणमाती ठोकून बसवायची. उन्हाळ्यात उलटे काम, धूळ उडू नये आणि माती घट्ट राहावी म्हणून पाणी मारायचे.

मुलांनाही छोटी दाताळी दिली होती. जिथे आपण पडतो त्या वळणाची माती आपल्याच हाताने बसवायला मिळणे, हे मला या खेळाचे मोठे दान वाटते. लेकीने तिसरे वळण मागून घेतले.

रविवार, ३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारली, श्रीखंड-पुरी रात्रीवर टाकली आणि ट्रॅकवर गेलो. लेकीची पहिली शर्यत.

मुलांचे गट वय आणि तयारी पाहून पाडतात. नवशिके, मधले आणि तरबेज. जिंकत गेले की वरच्या पायरीवर जायचे, म्हणजे नवख्या मुलाला अनुभवी मुलाशी पहिल्याच दिवशी भिडावे लागत नाही. मुलींचे गट वेगळे, पण त्यासाठी तिघी तरी जमाव्या लागतात. आज जमल्या. फलकावर याद्या लागल्या की सगळी कुटुंबे तिथे धावतात आणि आपापली फेरी नि रांग मुलांच्या हातावर पेनने लिहून घेतात. ज्यांना अजून पॅडल मारता येत नाही त्या चिमुकल्यांचीही शर्यत होती. पॅडल नसलेल्या, पायांनी ढकलायच्या सायकली, आणि त्यांवर तीन-चार वर्षांची मुले.

कुंपणाशी आम्ही सगळे पालक ओरडत होतो. "पॅडल मार! आतून घे! मान वर!" मग लेकीचे हेल्मेट आठवले. दोन्ही कान झाकलेले, आत स्वतःचा श्वास, बाहेर सायकलींचा खडखडाट. आमच्या सूचनांतला एक शब्दही मुलांपर्यंत जात नाही. खाली पोचलेल्या पोरांना विचारले तर तीही हेच म्हणाली. म्हणजे त्या सूचना फक्त आमच्या काळजीसाठी असतात. पुढच्या फेरीला मी टाळ्या वाजवल्या, बाकी काही नाही. ट्रॅकवर काय करायचे ते तिला ठाऊक आहे. नसेल तेवढे माती शिकवेल.

ती तिघींत शेवटची आली. उतरल्यावर तिने नंबर सांगितला नाही, तिसऱ्या वळणाचे सांगितले. ते तिने न थांबता, न ब्रेक लावता घेतले होते.

शनिवार, १२ एप्रिल, फेअरफॅक्स

लेकीला आणि तिच्या थोरल्या भावाला घेऊन मरीन काउंटीतले सायकल संग्रहालय पाहिले. माउंटन बाइकचे जन्मस्थान इथून जवळच आहे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुण मंडळींनी इथल्या डोंगरातल्या एका कच्च्या रस्त्यावर उताराची शर्यत लावली. चार किलोमीटरहून कमी अंतरात सुमारे ४०० मीटरची घसरण. पायाने उलटे फिरवून लावायच्या ब्रेकचा हब इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक खेपेनंतर ते पुन्हा भरावे लागे. त्यावरूनच शर्यतीला रिपॅक नाव पडले. गॅरी फिशरने ते अंतर ४ मिनिटे २२ सेकंदांत उतरून विक्रम केला. १९७७ मध्ये जो ब्रीझने खास डोंगरासाठी फ्रेम बांधायला घेतली.

मला खिळवून ठेवले ते जुन्या सायकलींनी. ही मंडळी डोंगरावर नेत होती त्या १९३०-४० च्या दशकांतल्या श्विन कंपनीच्या फुगीर टायरच्या सायकली. श्विनने तसले टायर १९३३ मध्ये आणले ते मुलांसाठी. पोरे फुटपाथवरून उड्या मारतात, वाटेल तशी आपटतात, तरी सायकल टिकावी म्हणून. त्या सायकलींच्या २६ इंची चाकांवर पुढे तीस वर्षे जगभरच्या माउंटन बाइक धावल्या. २९ इंची चाके आली ती अलीकडे.

बीएमएक्सचा उगमही मुलांतच. दक्षिण कॅलिफोर्नियात पोरे १९६३ साली आलेल्या श्विन स्टिंग-रे सायकलींवर मोटोक्रॉसची नक्कल करत. १९७० मध्ये लाँग बीचच्या एका मोकळ्या मैदानात स्कॉट ब्राइटहॉप्टने शर्यत भरवली, तेव्हा तो स्वतःच शाळकरी मुलगा होता. १९७१ च्या 'ऑन एनी संडे' या माहितीपटात ती पोरे दिसली आणि देशभर लोण पसरले. माउंटन बाइक १९९६ मध्ये अटलांटाला ऑलिंपिकमध्ये गेली, बीएमएक्स २००८ मध्ये बीजिंगला.

म्हणजे दोन्ही खेळांच्या मुळाशी मुलांची सायकल आहे. मुलांनी ती तोडली, जोडली, तरुणांनी डोंगरावर नेली. मोठ्यांनी नंतर तिचे शास्त्र केले. आणि आज आपण मोठ्यांच्या सायकलीची जड, स्वस्त नक्कल मुलांना देतो. जिच्यापासून हे सारे सुरू झाले ती सायकल मुलांना मुलांच्या मापाने परत द्यायला हवी.

शनिवार, ३ मे

आज मुलाची शर्यत. तो आठवीत, शाळेच्या माउंटन बाइक संघात. इथला आंतरशालेय खेळ १९९८ मध्ये बर्कलीतल्या शाळेत मॅट फ्रिट्झिंगर या शिक्षकाने लावलेल्या रोपातून वाढला. २००१ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियाची लीग झाली, २००९ मध्ये देशभराची संघटना. नियम थोडे आणि मनाला पटणारे. हेल्मेट घातल्याशिवाय सायकलीवर पाय टाकायचा नाही. आणि संघात राखीव खेळाडू कुणी नाही. जो सराव करतो तो शर्यतीत उतरतो.

सकाळी दोन्ही सायकलींत हवा भरताना लेकीने विचारले, माझ्यात ६० पीएसआय आणि दादाच्यात २० का? तिच्या ट्रॅकची माती ठोकून गुळगुळीत केलेली; तिथे कडक टायर वेगाने पळतो. त्याच्या वाटेवर मुळे आणि दगड. तिथे मऊ टायर जमिनीचा आकार घेतो आणि सुटत नाही. जंगलात त्याला ब्रेकही दोन लागतात, आणि ब्रेकचा दांडा एका बोटात येईल इतका जवळ. हे शेवटचे मी स्वतः पाना घेऊन जुळवले. दांड्याजवळ लहानसा स्क्रू असतो, तो पिळला की दांडा हँडलकडे सरकतो. बोटे लहान असलेल्या कितीतरी मुलांना उताराची भीती वाटते, ती या स्क्रूपाशी संपू शकते.

रविवार, १८ मे

पुण्याहून आबांचा व्हिडिओ कॉल. लेकीने त्यांना नंबरप्लेट दाखवली. आबांनी तरुणपणी खंडाळ्याला उभे राहून मुंबई-पुणे सायकल शर्यत पाहिली आहे. बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला घाटाचा राजा म्हणत. ती म्हणाली, "आबा, आणि घाटाची राणी?" आबा म्हणाले, "तू तयारी कर, किताब आपण देऊ."

म्हणून रात्री तिला दोन राण्या दाखवल्या. कोलंबियाची मारियाना पाहोन, लंडन २०१२ आणि रिओ २०१६ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये बीएमएक्सचे सुवर्ण. आणि ब्रिटनची बेथनी श्रायव्हर. रिओनंतर तिथल्या निधी देणाऱ्यांनी फक्त पुरुषांच्या बीएमएक्सला पैसे द्यायचे ठरवले. तिने लहान मुलांच्या वर्गात मदतनीस म्हणून काम केले, लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि टोकियोत सुवर्ण जिंकले. मुलींच्या गटात तिघी जमवताना दमछाक होते ती का, हे अशा निर्णयांतून कळते. पुढच्या शनिवारी लेकीच्या वर्गातल्या दोघींना सरावाला नेणार आहे. हेल्मेटे ट्रॅकवर मिळतात, सायकली आळीपाळीने.

शनिवार, ७ जून

धाकट्या बहिणीचा फोन. "ताई, तुझ्या भाच्याला कोणती सायकल घेऊ? गिअरची म्हणतोय." तो सात वर्षांचा, तिला त्याला पुण्यातल्या तळजाई टेकडीवर न्यायचे आहे. सगळे सांगितले, ते इथे लिहून ठेवते. त्याला दुकानात घेऊन जा, सायकल घरी आणून आश्चर्याचा धक्का देऊ नकोस. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे टेकायला हवेत. त्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जड असेल तर सोडून दे. स्प्रिंगचा फोर्क नको. रुंद टायर घे आणि हवा कमी ठेव, धक्के तेच खातील. गिअर एक असला तरी टेकडीला पुरे, आणि फार चढ लागला तर उतरून ढकलण्यात काही कमीपणा नाही. ब्रेक त्याच्याच बोटांनी दाबून पाहा. अंगाला लहान झाली की विक किंवा पुढच्या पोराला दे. वापरलेल्या छोट्या सायकलीचे आयुष्य अजून दोन-तीन मुलांचे असते.

"आणि शर्यतीला कधी घालू?" तिने विचारले.

त्याने स्वतः मागितले की. तोवर दर रविवारी तळजाईवर ने, त्याच्या मागून चाल, आणि कुठला उतार पुन्हा उतरायचा ते त्याला ठरवू दे.