ढील

माशीने मासा धरायची एक विद्या आहे. दर उन्हाळ्यात हिमाचलात तीर्थन नदीकाठी मी ती हौशी मंडळींना शिकवतो. ही माशी म्हणजे गळाला बांधलेली चार पिसे. तिला वजन असे नाहीच, वजन दोरीला. म्हणून फेकायची ती दोरी, माशी आपली मागोमाग जाते.

पहिला धडा ताणाचा. ९ फुटी काठीचे टोक पाण्यालगत आणा आणि ढील ओढून घ्या. नाहीतर अर्धा झोका ती गोळा करण्यातच जातो. काठी मागे नेलीत की थांबा. दोरी पाठीमागे सरळ होऊ द्या. घाई केलीत तर चाबकासारखा फटकारा बसतो आणि माशी तुटून झुडपात!

दुसरा धडा नेमका उलटा. दोरी पाण्यावर पडली, की ताण नको. मधला प्रवाह ताठ दोरीला ओढतो, माशी फरफटते आणि शहाणा ट्राउट तोंड फिरवतो. तेव्हा दोरी अलगद उचलून वरच्या अंगाला ठेवायची, माशीला ढील द्यायची.

एकदा एक गृहस्थ पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलाच्या मनगटावर सारखा त्यांचा हात.

"साहेब, आता ढील द्या," मी म्हटले.

"दोरीला ना?"

मी नुसताच हसलो. मुलाने दोरी टाकली; माशी मोकळी वाहू लागली. वडिलांचा हात सवयीने पुढे आला, क्षणभर थबकला, आणि खिशात गेला.