थंड हात, सुजलेले पाय

बायपास झाली, छातीतलं दुखणं गेलं, पण हातपाय गार पडू लागले. साताऱ्यात थंडी असतेच. तरी भर दुपारी उन्हात बसूनही माझ्या बोटांची टोकं पांढरी पडायची. उजवा पाय संध्याकाळी सुजायचा, त्याचं कारण मला ठाऊक होतं. त्याच पायातली शीर काढून हृदयाला जोडली होती. घोट्याजवळचा बधिरपणाही त्यातलाच, कारण त्या शिरेला लागून जाणारा मज्जातंतू शस्त्रक्रियेत दुखावतो. पण पुढे डावा पायही सुजायला लागला. बोट दाबलं की खळगा पडायचा.

धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "ताई, हृदयाच्या नसा बंद झाल्या तशा पायाच्याही झाल्या असतील." शेजारणीने तर बीपीच्या गोळ्याच बंद करायला सांगितल्या. मुलगा मात्र ठाम होता, "आई, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडायची नाही."

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी आधी मोजे काढायला लावले. पावलावरची आणि घोट्यामागची नाडी पाहिली. मग दंडाचं आणि घोट्याचं बीपी मोजलं. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात; उत्तर ०.९ किंवा त्याखाली आलं, तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्याची शंका घेतात. माझं उत्तर त्याच्या वर होतं. पायापर्यंत रक्त नीट पोचत होतं.

त्रास गोळ्यांचा होता, आणि दोन गोळ्यांचे दोन तऱ्हांचे. मेटोप्रोलॉलने ठोके मंदावतात, हृदयाला विसावा मिळतो, पण हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या आकसू शकतात. म्हणून टोकं गार. अम्लोडिपिनचं उलट. तिने धमन्यांच्या बारीक फांद्या सैल होतात, शिरा मात्र तितक्या होत नाहीत. येणारं रक्त वाढतं, केशवाहिन्यांतला दाब चढतो, पाणी बाहेर झिरपून घोट्याभोवती साठतं. अंगात पाणी जास्त झालेलं नसतं, म्हणून या सुजेवर लघवीची गोळी फारशी चालत नाही. हे ऐकल्यावर माझी निम्मी भीती गेली.

डॉक्टरांनी अम्लोडिपिन १० मिलिग्रॅमची ५ केली आणि जोडीला टेल्मिसार्टन दिली. तिने शिराही थोड्या सैल होतात. डाव्या पायाची सूज उतरली. मेटोप्रोलॉल चालूच आहे; ती एकदम थांबवली तर ठोके वाढून छातीत पुन्हा दुखू शकतं, झटकाही येऊ शकतो. बोटं अजून गार पडतात. मी लोकरीचे मोजे घालते, रोज चालते. गरम पाण्याची पिशवी वापरत नाही, कारण बधिर पायाला भाजलेलं कळत नाही.

डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची नावं होती, वेळा होत्या, पण हातपाय गार पडतील, घोटे सुजतील, हे कुणी सांगितलं नव्हतं. याचा मला अजून राग येतो. न सांगितल्यामुळेच माणूस घाबरतो आणि जीव राखणारी गोळी परस्पर बंद करतो.

एकच पोटरी अचानक सुजली, दुखू लागली, गरम लागली, किंवा एक पाय एकाएकी गार आणि फिका पडून ठणकू लागला, तर लगेच रुग्णालय गाठा. एरवी पुढच्या तपासणीला गेलात की डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. मोजे काढा आणि पाय दाखवा.