छायाचित्राखालची ओळ

राजुऱ्यात फॅशनची नियतकालिके दिसलीच तर केशकर्तनालयात, तीही वर्षभर जुनी. म्हणून एका उजळणी वर्गासाठी मुंबईस गेलो असता अशा नियतकालिकांतील छायाचित्रांचे प्रदर्शन भरल्याचे कळले, तेव्हा आम्ही दोघे सहकारी काहीशा संकोचानेच आत शिरलो. मराठीच्या प्राध्यापकांचे तिथे काय काम, हा प्रश्न आमचा आम्हालाच पडला होता.

नॉर्मन पार्किन्सन यांनी १९५६ साली ब्रिटिश 'व्होग'साठी जयपूरच्या सिटी पॅलेसबाहेर टिपलेल्या छायाचित्राने मात्र आम्हाला थांबवले. गुलाबी मोहेर कोटातील अ‍ॅन गनिंग आणि शृंगारलेला हत्ती. चित्र देखणे आहे, यात शंका नाही. परंतु त्यातला भारत हा त्या कोटामागचा पडदा आहे.

ओघानेच 'व्होग इंडिया'चा ऑगस्ट २००८चा अंक आठवला. त्यात अनवाणी, दात पडलेल्या एका माणसाच्या हाती सुमारे दोनशे डॉलरची बर्बेरी छत्री होती आणि एका लेकराच्या गळ्यात शंभरेक डॉलरचे फेंडीचे लाळेरे. त्यावर बराच वाद झाला. गरिबीची थट्टा केली, हा मुख्य आक्षेप. आम्हाला अधिक बोचते ते वेगळेच: छायाचित्राखाली छत्रीचे नाव होते, माणसाचे नव्हते.

परतीच्या गाडीत यावर आम्ही तावातावाने बोलत होतो. बल्लारशाह जवळ आले आणि आमच्याच महाविद्यालयाच्या वार्षिकांकातील एक पान डोळ्यांसमोर उभे राहिले. त्या अंकाचे संपादक आम्हीच. पाहुण्यांची नावे पदव्यांसकट छापलेली. खालच्या छायाचित्रात नऊ मुली, आणि ओळ एवढीच: 'ढेमसा नृत्य सादर करताना विद्यार्थिनी'. मुद्रितशोधन आम्ही दोनदा केले होते. त्या ओळीत चूक सापडली नव्हती.

गेल्या महिन्यात जुनी हजेरीपटे काढून सात नावे जुळवली. एकीला दूरध्वनी केला. ती हसली. "आता कायले जी सर, येवढ्या वर्सानं?" मग मात्र आडनावातले ऱ्हस्वदीर्घ तिने स्वतःच दोनदा सांगितले.

ग्रंथालयातील प्रतीवर ती सात नावे आम्ही शाईने लिहिली आहेत. दोघींसाठी जागा सोडली आहे.