रिजवरचे दोन शेजारी

दिल्ली पाहायला गेलेली मराठी मंडळी लाल किल्ला, कुतुबमिनार आणि चांदणी चौक करून परततात. अरवली पर्वताची उत्तरेकडची अखेरची सोंड याच राजधानीत शिरून यमुनेपाशी संपते, याची अनेकांना कल्पनाही नसते. दिल्लीकर तिला ‘रिज’ म्हणतात. या खडकाळ, काटेरी रानात दोन शेजारी नांदतात. खार आणि कोल्हा.

खारीला भेटायला रानात जायला नको. लोदी बागेत शेंगदाणे घेऊन बसावे, की ती शेपटी उडवीत हजर! तिची पाठ मात्र नीट पाहावी. श्रीरामाने बोटे फिरवली म्हणून खारीच्या पाठीवर तीन पट्टे उमटले, असे आजी सांगते. दक्षिणेकडच्या खारीला तीनच असतात. दिल्लीच्या खारीला पाच! उजाडताच तिचा उद्योग सुरू होतो आणि दिवेलागणीला ती काथ्या-कापसाच्या घरट्यात शिरते.

कोल्ह्याचा दिवस तेव्हा सुरू होतो. इंग्रजी गोष्टींतला ‘फॉक्स’ म्हणजे आपले खोकड. कोल्हा म्हणजे ‘जॅकल’, लांडग्या-कुत्र्यांचा भाऊबंद. नर-मादी जोडीने राहतात आणि पिल्ले मिळून वाढवतात. उंदीर, किडे, मेलेली जनावरे, पिकली बोरे, त्यांना सारे चालते. उंदरांवर वचक ठेवणारा आणि बोरीच्या बिया दूरवर पेरणारा हा रानाचा बिनपगारी राखणदारच.

खारीचा संसार एका झाडावर भागतो. कोल्ह्याला मात्र बिळासाठी निवांत जमीन आणि भटकायला सलग रान हवे. रस्त्यांनी रिजचे तुकडे झाले आहेत. त्यातच माकडांना ‘पुण्य’ म्हणून टाकलेल्या खाण्यावर भटकी कुत्री पोसतात. ती कोल्ह्यांना हुसकावतात आणि त्यांच्यामुळे रेबीज, डिस्टेंपरसारखे रोग पसरण्याचा धोका असतो.

तरीही आशा आहे. दक्षिण दिल्लीतील असोला-भट्टी अभयारण्याच्या जागी एकेकाळी बदरपूर वाळूच्या खाणी होत्या. त्या बंद झाल्या. आज तेथे पुन्हा झाडी आहे, खाणींच्या खड्ड्यांत तळी साचली आहेत आणि कोल्हेही आहेत.

दिल्लीला गेलात तर एक सकाळ रिजसाठी राखून ठेवा. डब्यातले उरलेले मात्र तेथे न टाकता परत आणा. कोल्हा दिसेलच असे नाही. पण त्याच्यासाठी तेवढे केले तरी पुरे.