दोन बोटं पाणथरी

हृदयाच्या चार पोकळ कप्प्यांवर कवींनी इतकं लिहून ठेवलंय, की त्यांत रक्त असतं याचाच विसर पडावा. यकृतालासुद्धा काळीज म्हणून मान मिळाला. पाणथरीच्या वाट्याला काही आलं नाही. डॉक्टर तिला प्लीहा म्हणतात. डाव्या बरगड्यांच्या आड दडलेली, मुठीएवढी, वजन जेमतेम दीडशे ग्रॅम.

गोंदिया जिल्ह्यात सौंदडला महामार्ग सोडून कुठंही आत वळा, धानाच्या बांध्या आणि मालगुजारी तलाव लागतात. तलावाचं पाणी बांधीतून बांधीत झिरपत जातं, तसंच पाणथरीतलं रक्त. तिच्या आत बारीक बारीक रक्तकोटरं असतात. त्यांच्या भिंतींतल्या फटी एखाद्या मायक्रॉनच्या, आणि तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची. तिला अंग चोरूनच पलीकडे जावं लागतं. लवचीक असेल ती निघते. म्हातारी, ताठर झालेली तिथंच मोडीत निघते. रोजचं काम आहे, गाजावाजा नाही.

सिकलसेल या आजारातल्या पेशी इथंच अडतात. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, बस. प्राणवायू कमी झाला की पेशी विळ्यासारखी वाकते. १९१० साली शिकागोच्या हेरिक यांनी ती पहिल्यांदा नोंदवली. पुढं १९५४ मध्ये ॲलिसन यांनी दाखवलं, की हे बदललेलं जनुक आईबापांपैकी एकाच बाजूनं आलं तर जीवघेण्या मलेरियापासून बचाव होतो. डासांच्या मुलखात ते पिढ्यान्‌पिढ्या टिकलं ते त्यामुळे. आईबाप दोघंही वाहक असले, तर मात्र दर बाळंतपणात चारांत एक धोका. हा फक्त आदिवासींचा आजार, असं सांगणारे अजून भेटतात. विदर्भात तो अनुसूचित जातींत आहे, इतर मागास घरांतही आहे. तरी लग्नाच्या बायोडेटात रंग असतो, उंची असते, सिकलसेलची तपासणी नसते.

सिकलसेलच्या पोराची पाणथरी तपासताना पाहावी. पोर उताणं, गुडघे दुमडलेले. डॉक्टरांचा हात ओटीपोटापासून डाव्या बरगडीकडे हळूहळू सरकतो. ‘‘श्वास घे बाबू, मोठा.’’ श्वासासरशी आतून काहीतरी खाली येऊन बोटांच्या टोकांना लागतं. मग कागदावर नोंद होते: बरगडीखाली दोन बोटं. इतकी यंत्रं आली, हे माप अजून बोटांचंच आहे.

अशा पोरांच्या अंगातलं रक्त कधीकधी काही तासांत पाणथरीच्या कोटरांत तुंबतं. पोर पांढरंफटक पडतं, पोट फुगतं, जीवावर बेतू शकतं. जमैकात डॉक्टरांनी आयांनाच पाणथरी चाचपायला शिकवलं आणि अशी पोरं वेळेत दवाखान्यात पोचू लागली. आपल्याकडे नातवाच्या पोटावर तेल चोळणारी आजी घरोघरी आहे. तिचा हात धरून ही जागा एकदा दाखवून द्यावी. काल दोन बोटं होती, आज चार लागतात, पोर मलूल आहे, एवढं तिला कळलं की रात्र असो की पाऊस, गाडी काढायची आणि गोंदिया गाठायचं.